समाधानने शाळा तपासली

माणसाचं नाव समाधान असावं आणि त्याला कशाचंच समाधान नसावं, हा विनोद रुपीनगरच्या त्या गल्लीत इतका जुना झालाय की आता त्यावर कुणी हसतही नाही. समाधान ओव्हाळ चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. गाडीच्या गिअरमध्ये बसणारी बोटाएवढी पिन तिथं तयार होते. ती मापात आहे का बघायचं, नसली तर लाल ट्रेमध्ये टाकायची, एवढंच त्याचं काम. चौदा वर्षं तो हेच करतोय. आता आठ तास पिनांकडे संशयाने बघणाऱ्या माणसाने घरी येऊन जगाकडे मायेने बघावं, ही अपेक्षाच मुळात चूक.

कोपऱ्यावरची भाजीवाली त्याला लांबून येताना बघितलं की टोमॅटोवर फडकं टाकते. शेजारच्या शेखरने हौसेने फ्लॅट घेतला, वास्तूला सगळ्यांना जेवायला बोलावलं, आणि पंगत बसायच्या आत समाधानने जाहीर केलं की दाराची चौकट वरच्या अंगाला चार मिलिमीटर कलती आहे. तेव्हापासून शेखर त्या दारातून ये-जा करताना मान किंचित डावीकडे झुकवतो. खोटं वाटत असेल तर जाऊन बघावं.

अंजलीला बघायला गेला तेव्हाही हेच. तिने चहा दिला, थोडा बशीत सांडला. समाधानने बशीकडे बघितलं. अंजली म्हणाली, "सांडलाय. पुढचा प्रश्न?" मग स्वतःच विचारलं, "तुम्हाला आजवर कुणी तपासलंय का?" "त्या दिवशी मी त्यांना पास केलं," असं अंजली आजही सांगते. समाधानचं म्हणणं नेमकं उलटं आहे, पण ते त्याने मोठ्याने सांगितल्याचं कुणी ऐकलेलं नाही.

अशा घरात जून महिन्याच्या एका मंगळवारी दोन आनंदाच्या बातम्या एकाच दिवशी आल्या, आणि घराची झोप उडाली.

पहिली बातमी मोबाइलवर आली. मुलगी मिनल, सहा वर्षांची, बालवाडी करून मोकळी झालेली. तिचं नाव आरटीईच्या लॉटरीत लागलं होतं. खासगी शाळांमधल्या पाव जागा सरकार अशी सोडत काढून मोफत भरतं, तीच ही लॉटरी. यंदा ती लांबता लांबता शाळा सुरू झाल्यावर निघाली. आणि लागली तीही कुठं, तर मोशीच्या ब्लू पीकॉक ग्लोबल स्कूलमध्ये, जिच्या बस बघून गल्लीतली पोरं बाजूला उभी राहतात.

दुसरी बातमी अंजलीने आणली. तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये ती एका कंपनीच्या रिसेप्शनला असते. कामावरून येताना गल्लीच्या टोकाच्या महापालिकेच्या शाळेच्या फाटकावर तिला यादी दिसली. त्यात मिनलचं नाव होतं. आता कुणी म्हणेल, महापालिकेच्या शाळेत नाव लागणं यात बातमी कसली? पाच-सहा वर्षांपूर्वी खरंच नव्हती. तेव्हा त्या शाळेत पोरं शोधून आणावी लागायची. पण योगिनी मॅडम तिथं मुख्याध्यापिका म्हणून आल्या आणि चक्र फिरलं. यंदा पहिलीच्या चाळीस जागांना लोक नगरसेवकांच्या चिठ्ठ्या घेऊन गेले आणि चिठ्ठ्यांसकट परत आले. अंजलीने फॉर्म भरला होता तो ‘असू दे’ म्हणून. गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत, आणि घरापासून चालत चार मिनिटं.

दोन्हीकडे शेवटची मुदत एकच निघाली, शनिवार दुपारी बारा. पालिकेच्या शाळेत नऊ पोरं रांगेत थांबलेली, त्यामुळे बाराला एक मिनिट झालं की जागा पुढच्याला. आणि आरटीईची जागा एकदा सोडली की पुन्हा लॉटरीत नावच येत नाही. समाधानला घाम फुटला तो यामुळे. चुकीची पिन पास झाली तर गाड्या परत बोलावता येतात. चुकीच्या शाळेत घातलेली पोरगी परत बोलावून पुन्हा सहा वर्षांची करता येत नाही.

घरात यावर कुणाचं मत नव्हतं असं नाही. वडील, अण्णासाहेब, यांचं तर फारच होतं. मावळातल्या खेड्यातून पिंपरीत आले आणि मशीन शॉपमध्ये तेहतीस वर्षं काढून निवृत्त झाले. बाबासाहेबांच्या फोटोखालची खुर्ची त्यांची, आणि त्या खुर्चीतून सुटलेलं वाक्य सहसा मागे घेतलं जात नाही.

"विंग्रजी शाळा," अण्णासाहेब म्हणाले. "त्यात काय इचार करायचाय?"

"अण्णा, बघून तरी घेऊ."

"मी बघितलंय समदं. जर्मन आलते तवा..."

जर्मन आले की घरातले आपापल्या कामाला लागतात. गोष्ट अशी की एकदा कंपनीत परदेशी इंजिनिअर आले, नवं मशीन बसवायला. त्यांच्याबरोबर राहील त्याला सुपरवायझर करायचं ठरलं. मशीन अण्णासाहेबांइतकं कुणालाच कळत नव्हतं. साहेबाने त्यांना पुढे केलं, जर्मनाने काहीतरी विचारलं, आणि अण्णासाहेब उभे ते उभेच. सुपरवायझर दुसराच झाला. "त्याला मशीनची चावी फिरवता येत न्हवती, पर येस-नो येत हुतं," या वाक्यावर गोष्ट संपते. मिनलला ती पाठ आहे. चावीच्या जागी ती हातही फिरवते.

"तुझं काय म्हणणं?" समाधानने रात्रीच्या भाकरी थापणाऱ्या अंजलीला विचारलं.

"मी दिवसभर ‘प्लीज साइन हिअर’ म्हणते. त्याच्या पुढे कुणी काही विचारलं तर हसते," अंजली म्हणाली. "अण्णांचं काही चूक नाही. पण चार मिनिटांची शाळा आणि पाऊण तासाची बस यातही फरक आहे. तुम्ही इन्स्पेक्टर आहात ना? मग करा इन्स्पेक्शन."

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं होतं. समाधानने ते काम म्हणून घेतलं. त्याने वहीचं पान आडवं धरलं, पट्टीने रेघा मारल्या आणि बावीस मुद्द्यांची चेकशीट तयार केली. पिण्याचं पाणी. संडासाच्या कड्या. जिन्याच्या पायरीची उंची. एका शिक्षकामागे मुलं किती. शेवटचा, बाविसावा मुद्दा त्याने थोडा विचार करून लिहिला: रिजेक्शनचं काय करतात.

बुधवारी ब्लू पीकॉकची वेळ घेऊन सगळं कुटुंब गेलं. समाधानने सुट्टी टाकली, अण्णासाहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आणि खरं सांगायचं तर शाळा उत्तमच होती, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. ऑफिसातल्या, ब्लेझर घातलेल्या एका मुलीने त्यांना सगळीकडे हिंडवलं. झाडाच्या आकाराची लायब्ररी होती, फांद्यांवर पुस्तकं. मिनल त्या झाडाच्या ढोलीत जाऊन बसली ती हत्तीचं पुस्तक संपल्याशिवाय बाहेर यायला तयार होईना. अण्णासाहेब भिंतीवरच्या इंग्रजी पाट्या एकेक अक्षर जोडत वाचत होते, आणि प्रत्येक पाटीनंतर सुनेकडे बघत होते. समाधानने नळ सोडून बघितला, कड्या लावून बघितल्या, जिन्यात वाकून पायरीला टेप लावला. एकवीसपैकी एकवीस मुद्दे बरोबर. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या चेकशीटवर एकही फुली नव्हती, आणि तो कासावीस झाला.

"मॅडम, तुमच्याकडे रिजेक्शनचं काय करता?"

"सॉरी सर?"

"म्हणजे पोरं चुकतात. तर त्या चुकांचं पुढं काय होतं? कुठं लिहिता, कोण बघतं?"

मुलगी गोड हसली. "सर, आमच्याकडे तसा प्रॉब्लेमच नाही. सगळे ए आणि ए प्लस. झीरो फेल्युअर."

समाधानने बाविसाव्या मुद्द्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं.

परतीच्या रिक्षात अण्णासाहेब हवेत होते. समाधान मात्र भोसरीच्या सिग्नलवर पुटपुटला, "झीरो म्हणजे काय? झीरो रिजेक्शन दाखवणारा सप्लायर आला की आम्ही त्याच्या दोन पेट्या जास्त उघडतो."

"म्हंजी वाईट निगालं आसतं तर बरं वाटलं आसतं व्हय रं तुला?" अण्णासाहेब म्हणाले.

"शिवाय आपण वेळ घेऊन गेलो. कस्टमर वेळ घेऊन आला की आमची कंपनीपण देवळासारखी दिसते. झाडांना गेरू लावतात."

अंजलीने रिक्षाबाहेर बघत विचारलं, "मग आता पालिकेच्या शाळेत तुम्ही चोरासारखे जाणार का?"

तो तसाच गेला. गुरुवारी सेकंड शिफ्ट होती, कंपनीची बस पावणेदोनला. साडेअकराला समाधान ड्यूटीच्या कपड्यांत निघाला: निळसर शर्ट, खिशावर कंपनीचा बिल्ला, गळ्यात आयकार्ड, पायात लोखंडी टोकांचे सेफ्टी शूज आणि हातात क्लिपबोर्ड. शाळेच्या फाटकात सेविका गोजाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी आधी बूट बघितले, मग क्लिपबोर्ड, मग कार्ड.

"कोन पायजे?"

"शाळा बघायची होती."

"आपन?"

"क्वालिटी इन्स्पेक्टर."

गोजाबाईंनी पहिला शब्द सोडून दिला आणि दुसरा घेऊन धावल्या. तांदळाचं सूप तिथंच राहिलं. आत आवाज गेला तो असा, "बाई, दिपोटी आल्याती, न कळवता." शाळा तपासायला येणाऱ्या साहेबाला गोजाबाईंच्या लहानपणी दिपोटी म्हणत. दिपोटी जाऊन किती पिढ्या झाल्या, पण गोजाबाईंच्या मनात तो अजून नोकरीवर आहे.

आता समाधानने तिथल्या तिथं खुलासा करायला हवा होता. पण त्याला कुणीतरी खुर्ची दिली, वर्गातून मोठ्या पंख्याखाली आणून. मग चहा आला, बशीसकट, आणि सोबत दोन मारी बिस्किटं. चौदा वर्षं इन्स्पेक्टर असून त्या माणसाला कुणी खुर्ची दिली नव्हती; लाइनवर तो उभाच असतो. त्याने चहा घेतला. बिस्किटही बुडवलं. आणि भारदस्त आवाजात विचारलं, "पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली?"

"पाच तारखेला जी," गोजाबाई हात जोडून म्हणाल्या.

टाकी बघून झाली, संडास बघून झाले. एका संडासाची कडी तुटलेली, एका नळाला चावी नाही, जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा कोपरा उडालेला. समाधानच्या पेनाला जोर चढला. अकरा फुल्या झाल्या होत्या आणि तो बाराव्या फुलीच्या शोधात व्हरांड्यात वाकला होता, तेवढ्यात समोर चपला दिसल्या. त्या योगिनी मॅडमच्या होत्या. बाई ठेंगण्या, केसांची घट्ट गाठ, बोटांना खडू.

त्यांनी त्याचं आयकार्ड हातात धरलं आणि चष्मा वर करून सावकाश वाचलं.

"पिना बनवता?"

"तपासतो."

"मग इथं कुणाची पिन शोधताय?"

समाधानने खरं ते सांगितलं. मिनलचं नाव, दोन शाळा, शनिवार. मॅडमनी त्याच्या हातातली चेकशीट घेतली, अकराही फुल्या वाचल्या आणि म्हणाल्या, "कडीचं मला माहीत होतं, पायरीचं नव्हतं. आभार. चहा प्यालात?"

"हो."

"मग फेडा. चौथीच्या बाई मीटिंगला गेल्यात आणि आज मापनाचा पाठ आहे. तुमच्याच खात्याचा."

समाधानला ‘नाही’ म्हणायची संधी मिळाली नाही. तो चौथीच्या वर्गात उभा होता, समोर छत्तीस पोरं, आणि सगळी त्याच्या बुटांकडे बघत होती. मॅडम मागच्या बाकावर वही तपासत बसल्या. समाधानने घसा साफ केला. माप म्हणजे काय, मिलिमीटर म्हणजे काय, एका केसाएवढ्या फरकाने पिन कशी फेकून द्यावी लागते, हे त्याने सांगितलं. पोरं गुंगून ऐकू लागली तशी त्याला आणखी चेव आला. टेबलावर लाकडी पट्टी पडली होती. ती उचलून त्याने पहिल्या बाकाला लावली आणि डोळा बारीक करून वाचलं.

"बघा. या बाकाची रुंदी शेहेचाळीस सेंटिमीटर. अगदी बरोबर शेहेचाळीस."

"पंचेचाळीस हाय," खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली.

तिचं नाव दुर्गा. वडील परभणीहून आलेले, तळवड्याच्या एका शॉपमध्ये वेल्डर. वेण्या इतक्या घट्ट की भुवया वर ओढल्या गेलेल्या.

"शेहेचाळीस," समाधानने समजुतीच्या सुरात सांगितलं. "मी रोज हेच करतो, बाळा."

"पर काका, त्या पट्टीचा शून्य झिजलाय की. तुमी टोकापासून लावली. ती टोकाला एकावरच सुरू होती." दुर्गा उठून आली, पट्टी त्याच्या हातातून काढून घेतली आणि बाकाला लावली. "आमी दोनावर धरतो आन् शेवटी दोन काढून टाकतो. बघा. सत्तेचाळीस. दोन गेले. पंचेचाळीस."

समाधानने पट्टी डोळ्यांजवळ नेली. खरंच टोक घासून गोल झालेलं, शून्य आणि पहिला सेंटिमीटर गायब.

कंपनीत नवा पोरगा कामाला लागला की समाधान त्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो: मापाचं हत्यार हातात घेतलंस की आधी त्याचा शून्य बघायचा, बाकी जग नंतर. हे तो दर वर्षी आठ-दहा पोरांना बजावतो. आणखी एक. साहेब लोक कधी कधी मुद्दाम एक खराब पिन चांगल्या पिनांत मिसळून ठेवतात, इन्स्पेक्टर जागा आहे का बघायला. चौदा वर्षांत समाधान त्या पिनेला एकदाही फसलेला नाही. त्याला त्याचा इतका अभिमान की लग्नातल्या भाषणातही त्याने हे सांगितलं होतं.

"ही पट्टी बदलत का नाही तुम्ही?" त्याने मागच्या बाकाकडे बघून विचारलं. आवाज जरा बारीक निघाला.

"नव्या बारा आल्यात, कपाटात आहेत," योगिनी मॅडम वहीतून मान न काढता म्हणाल्या. "ही मुद्दाम टेबलावर ठेवते. शून्य न बघता कोण मोजतं ते कळतं."

वर्गात कुणी हसलं नाही. ते त्याला जास्त लागलं. छत्तीस पोरं त्याच्याकडे अशी बघत होती, जणू आता पुढचं काय करायचं ते त्याला माहीतच असणार.

"डबा," दुर्गा हळूच म्हणाली.

कपाटावर बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा होता, झाकणाला भोक पाडलेलं, वर खडूने ‘आमच्या चुका’. ज्याची चूक सापडेल त्याने ती चिठ्ठीवर लिहायची, खाली नाव घालायचं आणि डब्यात टाकायची. शनिवारी डबा उघडतात. एकेक चिठ्ठी वाचायची आणि बरोबर काय ते सगळ्या वर्गाने मिळून शोधायचं. चिठ्ठीवाला आधी हसला तरच बाकीच्यांनी हसायचं, असा नियम. हे सगळं दुर्गाने त्याला कागद फाडून देता देता समजावलं.

कंपनीतला लाल ट्रे रोज सकाळी साहेबांसमोर ओततात, का आणि कुठं चुकलं ते शोधायला. समाधानला ते ओळखीचं काम ओळखायला एक क्षणही लागला नाही. कागदावर स्वतःचं नाव घालायला मात्र बराच वेळ लागला. दुसऱ्यांच्या चुकांखाली सही करायची त्याची सवय. शेवटी त्याने चिठ्ठी घडी करून भोकातून आत सोडली आणि बस चुकेल म्हणून जवळजवळ पळतच निघाला. गोजाबाई फाटकात परत हात जोडून उभ्या होत्या.

शुक्रवारी घरात विचारणा झाली.

"ठीक आहे शाळा," समाधान म्हणाला.

अंजलीच्या हातातलं लाटणं थांबलं. या माणसाच्या तोंडून ‘ठीक आहे’ तिने लग्नानंतर दोनदा ऐकलं होतं, त्यातलं एक मिनल जन्मली तेव्हा. "ठीक आहे म्हणजे? कागदावर अकरा फुल्या दिसतायत."

"बाविसाव्याला बरोबरची खूण आहे."

"मंग?" अण्णासाहेब खुर्चीतून म्हणाले. "तिकडं एकवीस हायती. येकवीस मोटं का येक?"

समाधानकडे याचं उत्तर होतं, पण ते सांगायचं तर पट्टीचं सांगावं लागलं असतं, आणि ते सांगायला जीभ वळेना. म्हणून असं ठरलं की शनिवारी दोन्हीकडची कागदपत्रं एकाच पिशवीत घ्यायची. सकाळी आधी पालिकेच्या शाळेत जायचं, अण्णांनी एकदा डोळ्यांनी बघायचं, आणि त्यांना नाही पटलं तर रिक्षा धरून बाराच्या आत मोशी गाठायची. समाधानने कबूल केलं. तो म्हणाला, "जर्मन तुमच्यापुढे उभे होते, अण्णा. शेवटचं तुम्हीच सांगा." पुढे दिवसभर तो ‘मी असं का बोललो’ या चेहऱ्याने हिंडत होता.

शनिवारी शाळेत पोचले तर चौथीचा डबा उघडलेला. मॅडम म्हणाल्या, दहा मिनिटं बसा. अण्णासाहेब मागच्या बाकावर बसले, बाक छोटा, गुडघे छातीशी. मिनल आईच्या मांडीवर. समाधान दारातच थांबला, निसटायला सोपं जावं म्हणून.

एक मुलगा उठून स्वतःचीच चिठ्ठी वाचू लागला. त्याने ‘kitchen’च्या जागी ‘chicken’ लिहिलं होतं, म्हणजे आई चिकनमध्ये स्वयंपाक करत होती. तो आधी स्वतः हसला, मग वर्ग फुटला. मग दुर्गाने डब्यात हात घातला आणि चिठ्ठी उलगडली.

"मी पट्टीचा शून्य न बघता माप घेतलं. बाक शेहेचाळीस नाही, पंचेचाळीस आहे. समाधान ओव्हाळ, क्वालिटी."

छत्तीस माना दाराकडे वळल्या. मागून आणखी तीन वळल्या, त्यातली एक अंजलीची. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि खांदे हलत होते. नियम नियम असतो. समाधान हसेपर्यंत कुणाला हसता येत नव्हतं. तो बुटांकडे बघत राहिला. वर्ग वाट बघत होता. मिनलने आईच्या कानात विचारलं, "पप्पा चुकले?" आणि ते नको तेवढं मोठ्याने ऐकू आलं. समाधानचा चेहरा आधी ताणला, मग सैल झाला, आणि मग तो असा खदखदून हसला की व्हरांड्यातून गोजाबाई डोकावल्या. त्याच्या मागून वर्ग हसला, आणि सगळ्यांत उशिरा थांबली ती अंजली. लग्नातलं ते पिनेचं भाषण तिला आठवलं असणार.

अण्णासाहेब तेवढे हसले नाहीत. ते दुर्गाकडे बघत होते. डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तिला बोटाने जवळ बोलावलं.

"विंग्रजी येतं का गं तुला?"

"थोडं येतं."

"बोल बरं."

दुर्गाने ताठ उभं राहून सांगितलं, "माय नेम इज दुर्गा. माय फादर आर वेल्डर." मग स्वतःच थांबली. "आर नाही. इज. इज वेल्डर. अ वेल्डर."

"चुकलीस की."

"हाव. मग डब्यात टाकते." तिने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला आणि तिथंच बाकावर कागद ठेवून लिहायला लागली.

अण्णासाहेब तिच्या हाताकडे बघत राहिले. मग कुणाला उद्देशून नाही असे ते म्हणाले, "जर्मनानं मला इचारलं, हाऊ मेनी इयर्स. मला समजलं हुतं. ट्वेल्व माहीत हुतं. पर ट्वेल्व का ट्वेण्टी, ह्ये त्या टायमाला पक्कं हुईना. चुकंल म्हनून तोंडच उघाडलं न्हाई."

गोष्टीतला हा भाग घरात कुणी ऐकला नव्हता. मिनलनेही हात फिरवला नाही. अंजलीने पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"बारा वर्सं झालती तवा मला त्या खात्यात," अण्णासाहेब दुर्गाला म्हणाले. "तर कसं म्हनायचं?"

"ट्वेल्व इयर्स," दुर्गा लिहिता लिहिता म्हणाली. "शेवटी एस लावायचा. मी पण आधी विसरायची."

"ट्वेल्व इयर्स," अण्णासाहेबांनी म्हणून बघितलं. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्याने. मग त्यांनी समाधानकडे न बघताच हात हलवला, कागद काढ अशा अर्थाने.

सव्वाअकराला योगिनी मॅडमच्या टेबलावर मिनलचा फॉर्म भरून झाला. मॅडमनी जन्मदाखला बघितला, रेशनकार्ड बघितलं आणि समाधानला म्हणाल्या, "महिन्यातून एक शनिवार मापनाला याल का? शून्य बघून?" अंजली म्हणाली, "येतील." मग समाधानही म्हणाला, येतो.

बाराला दहा मिनिटं कमी असताना त्याचा फोन वाजला. ब्लू पीकॉकची तीच ब्लेझरवाली मुलगी. सर, आज लास्ट डे आहे, तुम्ही येताय ना? समाधान व्हरांड्यात गेला. झाडाच्या ढोलीतली मिनल त्याला दिसली, हत्तीचं पुस्तक हातात धरलेली. पण त्याने सांगितलं की येत नाही, जागा सोडतोय, आणि तुमची शाळा चांगली आहे, त्यात एकही फुली नव्हती.

"थँक यू सर. फक्त रीझन भरायचंय. इथं ऑप्शन आहेत. डिस्टन्स, शिफ्टिंग, अदर."

"अदर."

"अदरमध्ये काय लिहू?"

समाधानने वर्गात बघितलं. शाळा सुटली होती, पोरं दप्तरं भरत होती. मागच्या छोट्या बाकावरून अण्णासाहेब उठायला तयार नव्हते. एका बाजूला दुर्गा, दुसऱ्या बाजूला मिनल, आणि मधे म्हातारा पेन्सिलीने काहीतरी लिहीत होता, जीभ दातांत धरून. अंजली त्यांना घरी चला म्हणत होती आणि ते तिला हातानेच थांबवत होते.

"आजोबांना ही शाळा पसंत पडली," समाधान म्हणाला.

"ओके सर," ती म्हणाली. पलीकडून टाइप करण्याचा आवाज आला.